कावासाकी झालेल्या लेकरासाठी घरपोच डीएनए किट आणि जेनेटिक काउन्सेलिंग ओपीडी: आमचा अनुभव (पुणे)

लिहायला उशीरच झालाय, पण गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोघींनी मेसेज करून विचारलं की तुम्ही ती जेनेटिकची ओपीडी केली होती ना, आम्ही जाऊ का, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. हॉस्पिटलचं आणि किटवाल्या कंपनीचं, दोन्हींची नावं मुद्दाम देत नाहीये, त्यावरून माझं लेकरू ओळखू यायला नको. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या मुलांच्या विभागात आठवड्यातून एकदाच ही ओपीडी असते एवढं सांगितलं की तुमचे डॉक्टर बरोबर पत्ता देतील.

आधी काय झालं ते. कावासाकी हा लहान मुलांना होणारा तापाचा आजार. आमचा मुलगा तेव्हा १४ महिन्यांचा होता. ताप आला, १०२, १०३, औषध दिलं की तासभर उतरायचा आणि परत चढायचा. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सांगितलं, मग अँटिबायोटिक सुरू केलं, तरी तेच. चौथ्या दिवशी डोळे लाल झाले पण चिपडं अजिबात नाहीत, ओठ फुटून रक्त यायला लागलं, दूधसुद्धा तोंडाला लावेना. पाचव्या दिवशी सासूबाई अंग पुसत होत्या तर म्हणाल्या, "अगं, ही दंडावरची लसीची खूण बघ, कशी लालेलाल झालीय." जन्मल्यावर दिलेली बीसीजीची (टीबीच्या लसीची) खूण, वर्षभर शांत होती ती एकदम सुजून टरारली होती. मी ते फार मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी आधी जीभ बघितली, मग हाताची सूज बघितली, आणि सासूबाईंनी बाही वर करून खूण दाखवली तशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, लगेच ॲडमिट करा आणि आजच इको (हृदयाची सोनोग्राफी) करू. आपल्याकडे बहुतेक सगळ्या बाळांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे तापात ती जागा अशी लाल झाली तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा, कावासाकीची ती मोठी खूण आहे.

हा आजार म्हणजे रक्तवाहिन्यांना येणारी सूज, आणि खरी भीती असते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्यांची. त्या सुजून फुगतात. औषध वेळेत मिळालं नाही तर साधारण चारातल्या एका मुलाला हे होतं, पहिल्या १० दिवसांत आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडींचं सलाइन) मिळालं तर प्रमाण ४-५ टक्क्यांवर येतं. आम्हाला सातव्या दिवशी मिळालं. किलोमागे २ ग्रॅम, आमचा ९ किलोचा, म्हणजे १८ ग्रॅम, रात्रभर थेंब थेंब. त्यासाठी एफडी मोडली, त्याचं काही वाटलं नाही. पण पहिल्याच इकोत डावीकडच्या वाहिनीचा झेड स्कोर २.९ आला. झेड स्कोर म्हणजे तेवढ्या अंगाच्या मुलांची वाहिनी सरासरी जेवढी असते त्यापेक्षा आपल्याची किती जास्त रुंद आहे त्याचं माप. २.५ पासून फुगा धरतात, १० किंवा वर गेला की तो जायंट. आमचा छोटा होता, पण त्या रात्री छोटा-मोठा असलं काही डोक्यात शिरत नव्हतं.

घरी आल्यावर दुसरंच सुरू झालं. माझ्या वडिलांची बायपास ५२ व्या वर्षी झालेली आहे. आत्यासासूबाई बघायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "हिच्या माहेरीच हृदयाचं आहे ना?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला आज कळतं, पण तेव्हा ते वाक्य घशात अडकलं ते अडकलंच. रात्री पोराच्या बोटांची सालं निघताना बघत बसायचे (दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नखांजवळून सालं निघतात, ठरलेलंच आहे, घाबरू नका) आणि मनात एकच, की हे माझ्याकडून गेलंय का याला.

आता किटबद्दल. ही मनःस्थिती असताना मोबाईलवर जाहिरात दिसली, मुलांच्या जनुकांवरून हृदयाची जोखीम सांगतो, गालाच्या आतून बोळा फिरवायचा आणि कुरिअरने पाठवायचं. साडेअठरा हजार रुपये. फोनवरचा मुलगा गोड बोलला, कावासाकी म्हटल्यावर "हो मॅडम, आमच्या पॅनलमध्ये आहे ना" म्हणाला. पॅकिंग छान, बोळा मऊ, सूचना मराठीतही होत्या, कुरिअर वेळेवर आलं. सव्वीस दिवसांनी रिपोर्ट आला, ४२ पानं. त्यातली ३९ पानं केस गळणं, दूध पचतं की नाही, खेळात कुठला स्नायू चांगला, असली. एका पानावर कावासाकी, त्याखाली "आयटीपीकेसी, जोखीम वाढलेली" आणि शेजारी लाल पट्टी. बस. वाढलेली म्हणजे किती, कशाच्या तुलनेत, आजार होण्याची की हृदयावर जाण्याची, आणि ज्याला आजार होऊन गेलाय त्याच्या आईने आता काय करायचं, एक ओळ नाही. फोन केला तर "तुमच्या डॉक्टरांशी बोला". १४ महिन्यांच्या बाळाच्या आईला रात्री साडेनऊला ईमेलवर लाल पट्टी पाठवायची आणि बोलायला माणूस ठेवायचा नाही, हे मला पटलेलं नाही, आजही नाही. त्यानंतर मी बारा-तेरा दिवस नीट झोपले नाही. पोरगा खेळता खेळता बसला तरी छातीवर हात ठेवून बघायचे. किटला माझ्याकडून एक स्टार, तोही त्या मऊ बोळ्यासाठी.

सहा आठवड्यांच्या इकोला गेलो तेव्हा मी तो रिपोर्ट हृदयाच्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी आधी इको पूर्ण केला, पोरगा झोपेच्या सिरपवर झोपलेला, गार जेली छातीवर, स्क्रीनवर डॉक्टर वाहिनीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रेघ ओढून मोजत होत्या, तीन तीनदा. झेड स्कोर १.६. म्हणजे परत नॉर्मलमध्ये. मी तिथेच रडले आणि रडता रडता विचारलं, पण मग या रिपोर्टचं काय? तेव्हा त्यांनी या ओपीडीची चिठ्ठी दिली.

अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी मिळाली. हा पहिला तोटा. आठवड्यातून एकच सकाळ, दिवसाला सहा-सात कुटुंबंच घेतात, त्यामुळे वेळ लागतो. पार्किंग मिळत नाही, रिक्षाने जा. तिसरा मजला, लिफ्टला रांग. नंबर साडेदहाचा होता, आत गेलो सव्वाबाराला, लहान मूल घेऊन हे जड जातं, आणि बाहेर दूध पाजायला आडोसा नाही, तो हवाच होता.

आत गेल्यावर मात्र पाऊण तास, घड्याळाकडे न बघता. काउन्सेलर तरुण मुलगी, सोबत जेनेटिक्सचे सीनियर डॉक्टर. तिने आधी रिपोर्ट मागितलाच नाही. कोरा कागद घेतला आणि आमच्या घराण्याचा नकाशा काढायला लागली, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, तीन पिढ्या. कोण कशाने गेलं, कुणाला लहानपणी लांबलेला ताप, चुलत, मावस, आते, सगळं. माझ्या वडिलांच्या चौकोनापाशी आली तेव्हा मीच म्हणाले, बायपास. तिने लिहिलं आणि पेन तिथेच टेकवून म्हणाली, "ताई, बाबांचं हे मोठेपणी वाहिनीत चरबी साठून झालेलं. बाळाचं ते सूज येऊन झालेलं. वाट वेगळी आहे. हा चौकोन त्या चौकोनाला या आजारासाठी जोडलेला नाही." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त माझ्या मांडीवरून पोराला उचलून स्वतःकडे घेतलं. या एका मिनिटासाठी मी ही ओपीडी कुणालाही सांगेन.

मग रिपोर्ट. तिने लाल पट्टीवर तळहात ठेवून ती झाकली आणि म्हणाली, आता फक्त नाव वाचू. आयटीपीकेसी हे जनुक शरीराच्या टी पेशींना (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ब्रेक लावायचं काम करतं. जपानच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की त्यातला एक विशिष्ट बदल असला की ब्रेक जरा सैल बसतो, सूज पेटली की जास्त पेटते, आणि असा बदल कावासाकी झालेल्या मुलांत आणि त्यातही कोरोनरीवर परिणाम झालेल्यांत जास्त सापडतो. जास्त म्हणजे साधारण दुप्पट. पुढे तैवानमध्ये तपासलं तर एका अभ्यासात जुळलं, एकात नाही. सीनियर डॉक्टर म्हणाले, जपानमध्ये हा आजार जगात सगळ्यात जास्त, पाच वर्षांखालच्या लाख मुलांमागे वर्षाला तीनशेहून अधिक, तिथेही हा बदल घेऊन जन्मलेली बहुतेक मुलं ठणठणीत मोठी होतात. छोट्या आकड्याचं दुप्पट छोटंच राहतं. ही साधी गोष्ट ४२ पानांत कुठेही नव्हती.

मी विचारलं, मग जनुकांचा संबंध आहे हे तरी खरं का? तर हो, पक्का आहे. जपानी वंशाची मुलं हवाईमध्ये वाढली तरी त्यांच्यात हा आजार तिथल्या गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, म्हणजे फक्त हवापाण्याचं नाही. जपानमध्ये एका मुलाला झाला तर भावंडाला व्हायची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दहापट. मला मोठी मुलगी आहे, पाच वर्षांची, दहापट ऐकून माझा हातच थरथरला. पण त्यांनी लगेच पुढचं सांगितलं, की दहापट धरूनही ते दोन टक्क्यांच्या आसपास आलं आणि ते जपानमधलं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त भावंडं पहिल्याच्या पाठोपाठ १० दिवसांतच आजारी पडली होती. आमचे तर तीन महिने होत आले होते. मोठीला पाच दिवस ताप राहिला तर "भावाला कावासाकी झालाय" हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, तिच्यासाठी एवढंच.

जनुकं एक नाही, बरीच आहेत. त्यांनी भराभर सांगितली, मी लिहून घेतली: कॅस्प३, एफसीजीआर२ए, बीएलके, सीडी४०. यातलं एफसीजीआर२ए मला लक्षात राहिलं कारण ते अँटिबॉडी पकडणाऱ्या पेशींवरच्या हुकासारखं आहे आणि आयव्हीआयजी म्हणजे अँटिबॉडीच. फुग्याच्या बाबतीत टीजीएफ-बीटा नावाची पेशींमधल्या संदेशांची साखळी, २०११ साली युरोपीय वंशाच्या मुलांत तिचे बदल आणि कोरोनरीचे फुगे यांचा संबंध दिसला. मारफान नावाच्या आनुवंशिक आजारात महाधमनी फुगते त्यातही याच साखळीचं नाव येतं, म्हणजे वाहिनीची भिंत कशी दुरुस्त होते त्याच्याशी ती निगडित आहे. सगळी मिळूनही एखाद्या मुलाकडे बोट दाखवून "याला फुगा येणार" असं सांगता येत नाही. ते ज्यावरून ठरवतात ते सगळं आमच्या डिस्चार्ज कार्डवर आधीच होतं: वय सहा महिन्यांच्या आत आहे का, पहिल्या इकोत झेड स्कोर किती, औषध कितव्या दिवशी मिळालं, आणि एका डोसने ताप उतरला की परत आला. मुलगा असणं हीसुद्धा थोडी जास्त जोखीम. दहा-वीस टक्के मुलांना पहिला डोस पुरत नाही, ती जास्त सांभाळावी लागतात.

जपानमध्ये पहिला डोस कुणाला पुरणार नाही हे ओळखायला गुणांची एक पद्धत आहे, कोबायाशी स्कोर, तिथे चांगली चालते आणि बाहेरच्या देशांत तेवढी चालत नाही. मला वाटतं किटवाल्यांना हे एक वाक्य कुणीतरी ऐकवायला हवं. जपानी मुलांवर जुळवलेलं साधं रक्ताच्या रिपोर्टचं गणितसुद्धा दुसरीकडे डळमळतं, तर सातारा-कोल्हापूरच्या लेकराला जपानचा आकडा जसाच्या तसा लावून लाल रंग देणं कितपत बरोबर? आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलमध्ये या आजारावर कितीतरी वर्षांपासून काम चालू आहे, भारतातल्या मुलांचे आकडे तिथूनच जास्त कळले, असं त्यांनी सांगितलं.

मग या संशोधनाचा उपयोग काय, मी जरा वैतागूनच विचारलं. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. आयटीपीकेसीमुळे कळलं की पेशीतल्या कॅल्शियमच्या वाटेवर गडबड होते, आणि त्याच वाटेवर काम करणारं औषध आधीपासून होतं, सायक्लोस्पोरिन, किडनी बदललेल्यांना देतात ते. जपानमध्ये ज्यांना पहिला डोस पुरणार नाही असं वाटत होतं अशा मुलांना आयव्हीआयजीबरोबर ते देऊन बघितलं, २०१९ साली निकाल छापून आला, कोरोनरी बिघडायचं प्रमाण ३१ टक्क्यांवरून १४ वर आलं. म्हणजे जनुकाचा शोध बाळाच्या रिपोर्टवर पट्टी होऊन येण्याआधी बाळाच्या सलाइनमध्ये औषध होऊन आला. हे ऐकून मला त्या आयटीपीकेसीचा रागच गेला. कुठल्या तरी जपानी आयांनी आपापल्या पोरांचं रक्त संशोधनाला दिलं असणार, त्याशिवाय हे झालं नसतं.

सासूबाईंनी मध्येच विचारलं, हे कावासाकी कोण. डॉक्टर हसले आणि सांगितलं, तोमिसाकु कावासाकी, टोकियोच्या रेडक्रॉस हॉस्पिटलात मुलांचे डॉक्टर, १९६१ साली चार वर्षांचा एक मुलगा बघितला आणि हे कुठल्याच पुस्तकात बसत नाही म्हणून नोंद ठेवत गेले, १९६७ मध्ये ५० मुलांची माहिती छापली. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी पण नीट बघितलं म्हणून." त्यांना दंडावरची खूण आठवली असणार.

फी पंधराशे, फाइलसकट. आणखी कुठली टेस्ट करा म्हणाले नाहीत, उलट मी विचारल्यावर स्पष्ट सांगितलं की आत्ता कुठल्याही जीन टेस्टने याचं औषध किंवा इकोची तारीख बदलणार नाही, पैसे ठेवा. हॉस्पिटलात जाऊन पैसे ठेवा असं ऐकून बाहेर येणं मला तरी नवीनच होतं.

तोटे अजून दोन. समरी लेटर बारा दिवसांनी आलं आणि इंग्रजीत. मराठीत हवं म्हटल्यावर काउन्सेलरने एक पान हाताने लिहून फोटो पाठवला, तिचे खरंच आभार, पण ते मुळातच मराठीत मिळायला हवं, आजी-आजोबा वाचणारे असतात. दुसरं म्हणजे रिसेप्शनवर "कसल्या आजारासाठी" हे सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतात. तिथे बसलेल्या प्रत्येक घरात काहीतरी नाजूक असतं हो, जरा हळू विचारा. एवढ्यासाठी चार स्टार, पाचवा राखून ठेवलाय.

जाणार असाल तर सगळे इको रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, आयव्हीआयजी कधी आणि किती दिलं तो कागद, आणि लसीचं कार्ड. लसीचं आम्हाला तिथेच परत बजावलं: आयव्हीआयजीनंतर गोवर-गालगुंड-रुबेलाची (एमएमआर) आणि कांजिण्यांची लस ११ महिने पुढे ढकलायची, कारण तोवर ती नीट लागू पडत नाही. आमची १५ व्या महिन्याची एमएमआर नेमकी त्यात सापडली, आणि पाळणाघरवाल्या बाई कार्डवर शिक्का नाही म्हणून घ्यायला तयार नव्हत्या, शेवटी डॉक्टरांची चिठ्ठी दिली. आणि ॲस्पिरिन (वाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून या आजारात काही आठवडे देतात) चालू असताना फ्लू किंवा कांजिण्या झाल्यासारखं वाटलं तर वाट न बघता फोन करायचा. आमचं ॲस्पिरिन सहा आठवड्यांच्या इकोनंतर बंद झालं, ज्यांचा फुगा राहतो त्यांचं चालू राहतं आणि जायंट असेल तर सोबत रक्त पातळ करायची गोळीही असते, त्यामुळे दुसऱ्याचं बघून बंद करू नका.

त्या नकाशाची झेरॉक्स मी मागून घेतली. आता कपाटात लसीच्या कार्डाबरोबर आहे, बाबांचा चौकोन, त्यापाशी तिचा पेनाचा ठिपका, आणि खाली सगळ्यात लहान चौकोनात आमचा. पुढचा इको वर्षाचा, म्हणजे गणपती झाल्यावर.